बाल्कनीतला नकार

बिभीषणाला एका रविवारची संध्याकाळ हवी होती. जमीन नको, जागा नको, संस्थेचं संचालकपद तर नकोच नको. फक्त एक संध्याकाळ. पण गाव सोनईपासून आठ किलोमीटरवर, आणि बिभीषण गावच्या दूध संस्थेत संकलक. सकाळी पाच ते साडेसात आणि संध्याकाळी पाच ते साडेसात तो एका खिडकीमागे बसायचा. गायी रविवार पाळत नाहीत, म्हणून चौदा वर्षांत त्यानेही पाळला नव्हता.

ती खिडकी कुठल्या गवंड्याने, कुठल्या रागात एवढी खाली बसवली होती देव जाणे. तिच्यातून बिभीषणाला फक्त कोपरापर्यंतचे हात आणि किटल्या दिसत. गावातले सगळे हात त्याला पाठ होते. रस्त्यात कुणी समोरून आलं तर तो आधी हाताकडे बघे आणि मग नावाने रामराम घाली. हातांशी फार बोलणं होत नसे. "फॅट किती?" "तीन सात." "काल तीन नऊ हुती." "काल होती." एवढ्यात दिवसभराचा संवाद आटपे. वय अडतीस. लग्न झालेलं नव्हतं. गावाने पहिली काही वर्षं हळहळ केली. पण त्याच बिनलग्नाच्या रांगेत आणखी तेवीस जण येऊन उभे राहिल्यावर हळहळ वाटून प्रत्येकाच्या वाट्याला फारच थोडी यायला लागली, तेव्हा गावाने तो विषयच बंद केला.

पहाटे दूध तपासायचं मशीन गरम व्हायला अकरा मिनिटं लागतात. त्या अकरा मिनिटांत बिभीषण मोबाईलवर एक पद ऐके. 'संगीत वल्लरीविवाह' नावाच्या जुन्या नाटकातलं, तिसऱ्या अंकातलं. वल्लरी बागेत वाट बघत बसली आहे आणि तो आलेला नाही. पदाचा एकूण अर्थ एवढाच, पण तेवढं सांगायला ती बरोबर अकरा मिनिटं घेते. पद संपलं की मशीनवर हिरवा दिवा लागे. असं चौदा वर्षं चाललं होतं. त्याने नाटक मात्र एकही पाहिलं नव्हतं. हे नाही आणि दुसरंही नाही.

मग सोनईच्या स्टँडवर पोस्टर लागलं. नव्या संचात, महाराष्ट्राच्या दौऱ्यावर, नगरला एकच प्रयोग. रविवार, दुपारी चार. बिभीषणाने त्याच रात्री मोबाईलवरून बाल्कनीचं एक तिकीट काढलं, एफ चौदा, आणि सोमवारी रजेचा अर्ज घेऊन संचालक मंडळासमोर उभा राहिला.

चेअरमन मच्छिंद्रअण्णांनी अर्ज उलटासुलटा करून पाहिला. चौदा वर्षांतला पहिलाच अर्ज होता; कुठून वाचायचा हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"कारन काय लिव्हलंय?"

"नगरला नाटक आहे, अण्णा."

"संगं कोन?"

"कोणी नाही."

"एकटाच?"

"हो."

गावातला माणूस एकटा नगरला जातो तो तीनच कारणांनी: कोर्टाची तारीख, दवाखाना किंवा मुलगी बघणं. बिभीषणाची केस नव्हती. तब्येत डोळ्यांसमोर उभी होती. मंडळाचे सचिव कल्याणराव हळूच हसले आणि म्हणाले, "आन्ना, आता पोरी असंच बघायला बोलवत्यात. हाटेलात न्हाई तर नाटकाला. घरी पोहे बंद झाले."

बिभीषणाने हो म्हटलं नाही. त्याने फक्त नाही म्हणायला उशीर केला. तेवढ्या उशिरात रजा मंजूर झाली, आणि तो नसेल त्या संध्याकाळी सगळ्यांचं दूध न तपासता सरसकट साडेतीन फॅटने घ्यावं असाही ठराव झाला. ठरावाला अनुमोदन द्यायला अकरा जण उठले. संस्थेच्या इतिहासात अनुमोदनासाठी एवढी गर्दी कधी झाली नव्हती.

मंगळवारी पहाटे खिडकीत हाताऐवजी एक तोंड आलं. दगडाबाईचं. ती कमरेत वाकून, मान वाकडी करून आत बघत होती. "बिभीषणा, मिशी काढ. मिशीत तू थकल्यावानी दिसतो." तिच्यामागच्याने वाकून सांगितलं, मिशी काढू नको, ओठ बारीक आहेत. कुणी म्हणालं, दुधाचं सांगू नको, 'डेअरी क्षेत्रात' आहे म्हणून सांग. कुणी म्हणालं, शेती दोन एकर असली तरी नुसतं 'बागायत' म्हणायचं आणि पुढं खोकायचं. आठवडाभर रांग सव्वा तासाने लांबली. लोकांना आपल्या गुडघ्यांची पर्वा राहिली नाही. बिभीषणाने चौदा वर्षांनी प्रथमच गावातले चेहरे बघितले. काही बरेच म्हातारे झाले होते.

गुरुवारी खरं सांगून टाकायचं त्याने ठरवलं होतं. पण गुरुवारी आदिनाथ पैलवानाने वाकून विचारलं, "जेवतो का न्हाई नीट?" हे त्याला कुणी विचारून किती वर्षं झाली होती त्याचा हिशेब लागेना. तो "जेवतो" म्हणाला आणि खरं सांगायचं राहून गेलं.

शनिवारी चांगुणाआत्या आली. बापाच्या माघारी बिभीषणाचं जवळचं माणूस हीच, घोडेगावची. तिच्या पिशवीत नारळ, खण, हळदकुंकू आणि पाव किलो साखर होती.

"आत्या, तू कशाला आलीस?"

"बाईमानूस नको संगं? पुरुषांनी पोरगी बघायची म्हंजी काय, बैल बघायचाय का?"

तर असा रविवारी दुपारी, ज्याला एकट्याने एक पद ऐकायचं होतं तो माणूस, कल्याणरावांच्या पांढऱ्या बोलेरोत चौघांमध्ये बसून नगरला निघाला. पुढे कल्याणराव आणि अण्णा, मागे आत्या आणि तो. फेटे बांधायचे की नाही यावर शिंगवे फाट्यापर्यंत चर्चा झाली आणि नको असं ठरलं, कारण फेटे घरीच राहिले होते.

नाट्यगृहाच्या खिडकीवर तिघांना खाली तिसऱ्या रांगेतली तिकिटं मिळाली. बिभीषणाचं वर. "बराबर हाय," अण्णा म्हणाले. "पोरीला एकांत पायजे. आमी खालून बघतो. खूण कर."

बाल्कनीत माणसं मोजकीच होती. बिभीषण एफ चौदावर बसला. पंधरावर एक काळी पर्स होती. सोळावर एक बाई बसली होती, पस्तिशीच्या आसपासची, फिकट निळी साडी, चष्मा, हातात नाटकाचं पत्रक. ती ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचत होती, छापखान्याच्या पत्त्यासकट.

पडदा वर गेला. राजपुत्र माळ्याच्या वेशात आला आणि त्याने पहिलं पद म्हटलं. बिभीषणाच्या अंगावर काटा आला, आणि नेमकी तेव्हाच खाली तिसऱ्या रांगेतली तीन डोकी एकदम मागे वळली. प्रेक्षागृहात पाचशे माणसं पुढे बघत होती आणि तीन माणसं वर. आत्याने कपाळावर हात धरून नीट न्याहाळलं. अण्णांनी मान डोलावली. कल्याणरावांनी अंगठा वर केला.

"खालची ती माणसं तुमची आहेत का?" सोळा नंबरच्या बाईने विचारलं.

"नाही," बिभीषण म्हणाला.

अण्णांनी त्याला हात केला.

"म्हणजे, आमच्या गावची आहेत."

दरम्यान खाली कल्याणरावांना एक शोध लागला. शेजारचे म्हातारे गृहस्थ "वन्समोर" म्हणाले आणि राजपुत्राने अख्खं पद परत म्हटलं. ज्या माणसाचं घरात कुणी एकदाही ऐकत नाही त्याला पाचशे माणसांत एवढा मान मिळाल्यावर त्याने काय करावं? कल्याणरावांनी पुढच्या पदाला वन्समोर दिला. त्याच्या पुढच्यालाही दिला. मग एका साध्या वाक्यालाही दिला. पहिला अंक संपल्यावर ध्वनिक्षेपकावरून सूचना आली की अमुक नंबरची एक पांढरी बोलेरो दारात आडवी लागली आहे, मालकाने ताबडतोब काढावी. कल्याणरावांनी त्यालाही वन्समोर दिला. दुसऱ्यांदा ऐकल्यावर त्यांना नंबर ओळखीचा वाटला आणि ते पळत बाहेर गेले.

मध्यंतरात आत्या बाल्कनीत आली. मागे अण्णा, टोपी सारखी करत.

"बस बाई, बस. उठू नको," आत्या म्हणाली. बाई उठलीच नव्हती. "नाव काय तुजं?"

"विजयमाला."

"लई छान. आन काय करती?"

"नोकरी. पाथर्डी तालुक्यात. तलाठी आहे."

अण्णांचा टोपीवरचा हात टोपीवरच राहिला. गेलं वर्षभर ते जो माणूस भेटावा म्हणून हेलपाटे घालत होते तो जातीनिशी एफ सोळावर बसला होता. लग्न, मुलगी, बिभीषण हे सगळं त्यांच्या डोक्यातून निघून गेलं. ते पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर उलटे गुडघे टेकून बसले.

"ताई, एक इचारू? आमची हीर हाय. ती आमच्याच गटात हाय, म्या सोता खांदलीय. पन नोंद पडलीय शेजाऱ्याच्या उताऱ्यावर."

"गाव कुठलं?"

"नेवासा तालुका."

"मग तिथल्या तलाठ्यांना अर्ज करा."

"अर्जात काय ल्ह्यायचं त्येच कळंना ना."

विजयमालाबाईंनी एक सुस्कारा टाकला. तो वैतागाचा नव्हता. रोज त्याच वेळी येणाऱ्या पाहुण्याला चहा टाकताना निघतो तसा होता. त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि नाटकाच्या पत्रकामागे, राजपुत्राच्या फोटोच्या पाठीवर, अर्ज लिहायला घेतला. त्या लिहीत होत्या तेवढ्यात आत्याने त्यांना हळदकुंकू लावलं आणि ओटी भरून टाकली. 'सबब विनंती की' इथपर्यंत मजकूर आला तेव्हा नारळ मांडीवर होता.

अर्ज अण्णांच्या खिशात गेला आणि घंटा झाली. आत्या जाताना बिभीषणाच्या कानात म्हणाली, "सोनं हाय. सोडू नको."

अंधार झाल्यावर विजयमालाबाईंनी समोर बघतच विचारलं, "हा नारळ कशाचा?"

बिभीषणाने सगळं सांगितलं. खिडकी, अर्ज, नाही म्हणायला झालेला उशीर. कुजबुजत सांगायचं असल्याने वाक्यं आपोआप छोटी आणि खरी होत गेली. स्वतःबद्दल एवढं तो सलग कधी बोलला नव्हता.

"म्हणजे तुम्ही मला बघायला आलात."

"नाही. मी नाटक बघायला आलो. ते तुम्हाला बघायला आले."

"मला कुणी विचारलं नाही."

"मलाही."

स्टेजवर राजपुत्राने खोटी मिशी लावली होती आणि तेवढ्यावर वल्लरी त्याला ओळखत नव्हती.

"मी अशी नाटकाला एकटीच येते," त्या म्हणाल्या. "दोन तिकिटं काढते आणि शेजारी पर्स ठेवते. लग्नात बसा, दहाव्याला बसा, शेजारचा माणूस पिशवीतून सातबारा काढतो. चार वर्षं झाली, माझ्याशी कुणी दुसरं बोललेलं नाही. मी कुणाला 'काय म्हणता' विचारलं तर तो गट नंबर सांगतो."

"मला फॅट विचारतात," बिभीषण म्हणाला.

राजपुत्र गुडघ्यावर बसून वल्लरीला मागणी घालायला लागला. नेमका तेव्हाच खाली अण्णांचा फोन वाजला. अण्णांच्या मते फोनमध्ये हळू बोललं तर पलीकडे पैसे जास्त पडतात.

"व्हय. पोरगी बघतोय. न्हाई, आमाला पसंत हाय, तिचं कळायचंय... काय? दूध दीडपट? आरं, गायी त्याच हायेत ना? ...टाकी भरली? मग कशात घेतोस? ...पाण्याच्या टाकीत? पिण्याच्या?"

प्रेक्षागृह हसून लोळलं. राजपुत्राला वाटलं आपलं वाक्य जमून गेलं. त्याने मागणी पुन्हा घातली.

दुसऱ्या मध्यंतरात विजयमालाबाईंनी चष्मा पुसत विचारलं, "आता नकार कोण देणार? तुम्ही की मी?"

बिभीषणाने विचार केला. "अडतीस वर्षांच्या दूधवाल्याने तलाठीबाई नाकारली म्हणून सांगितलं तर मला थेट दवाखान्यात नेतील."

"मग मीच देते. कारण काय सांगू?"

"काहीही."

"फॅट कमी आहे म्हणू?"

बिभीषण हसला. मोठ्याने हसला, आणि मग कुणी बघितलं का ते बघितलं. खाली तिघांनी बघितलं होतं आणि तिघेही खुशीत होते. त्यामुळे पुढचं जरा अवघडच झालं.

विजयमालाबाई जिना उतरून गेल्या. वरून बिभीषणाला आवाज आला नाही, फक्त दिसलं. त्या सरळ उभ्या होत्या, हात पुढे बांधून, सरकारी माणूस उभा राहतो तशा. आत्याचा चेहरा उतरला. अण्णांनी मान खाली घातली, पण खिशातली अर्जाची घडी एकदा चाचपून पाहिली. नारळ परत घ्यायला आत्या तयार झाली नाही. ओटी परत घेत नाहीत. विजयमालाबाई तो घेऊनच वर आल्या.

"झालं," त्या म्हणाल्या. "प्रस्ताव विचारात घेतला, मंजूर करता येत नाही, असं सांगितलं."

"काय म्हणाले?"

"आत्या म्हणाल्या, पोरगा निर्मळ हाय. मी म्हटलं, ते दिसतंय."

तिसऱ्या अंकात मधल्या खुर्चीवर पर्सच्या जोडीला नारळ बसला. बाग आली. वल्लरी दगडी बाकावर येऊन बसली आणि पेटीवाल्याने पहिला सूर धरला. बिभीषणाने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. पहाटे पाचला, थंडीत, दुधाच्या वासात जे ऐकलं होतं ते समोर एक जिवंत बाई श्वास घेत म्हणत होती. मधे ती थांबे तेव्हा थांबण्याचाही आवाज येत होता.

आणि साडेतीन मिनिटांत पद संपलं.

नव्या संचाने काटछाट केली होती. हल्ली एवढं कोण थांबतं, असं कुणाला तरी वाटलं असणार. वल्लरी बाकावरून उठली. टाळ्या पडल्या. बिभीषणाने खाली पाहिलं. कल्याणरावांनी तोंड उघडावं म्हणून त्याने मनातल्या मनात त्यांना आजवर कमी लावलेली सगळी फॅट कबूल केली. पण कल्याणरावांना पहिल्या अंकानंतर दारवानाने समज दिली होती, आणि नकारानंतर त्यांचा जीवही लागत नव्हता. ते गप्प बसून होते. बिभीषणाने स्वतः ओरडायला तोंड उघडलं. गळ्यातून काही आलं नाही. चौदा वर्षांत आवाज कधी चढवलाच नव्हता. तो गळ्यात नव्हताच.

"काय झालं?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"अजून बाकी होतं," तो म्हणाला. "बरंच."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं, चष्म्यातून. मग त्या उठून उभ्या राहिल्या आणि ग्रामसभेत नोटीस वाचतात त्या आवाजात, कुठेही जोर न देता, म्हणाल्या, "वन्समोर. पूर्ण."

पाचशे डोकी वर वळली. वल्लरी थबकली. तिने पेटीवाल्याकडे बघितलं. पेटीवाला म्हातारा होता. त्याने नुसती मान हलवली, जणू बऱ्याच गावांत तो याचीच वाट बघत आला होता. वल्लरी परत बाकावर बसली.

आता मात्र तिने सगळं म्हटलं. मधली तान, उरलेली दोन्ही कडवी, शेवटी शब्द संपल्यावर नुसत्या सुरावर राहते ते सगळं. मागे विंगेत राजपुत्र मिशी काढून ताटकळत उभा असलेला बाल्कनीतून दिसत होता. बिभीषण हललाही नाही. शेजारी एक खुर्ची सोडून एक बाई होती, तिने थोड्याच वेळापूर्वी त्याला नाकारलं होतं, आणि दोघं मिळून एक न आलेला माणूस ऐकत होती.

नाटक सुटल्यावर पायऱ्यांवर गर्दी झाली. विजयमालाबाई म्हणाल्या, "येते. शेवटची एसटी आहे." बिभीषण म्हणाला, "बरं." फोन नंबर मागावा असं त्याला एसटी दिसेनाशी झाल्यावर वाटलं. पण नाकारलेल्या माणसाने नंबर मागायची पद्धत आपल्याकडे नाही, आणि पद्धत मोडायची तर आधी घोकावं लागतं.

परतीच्या वाटेवर गाडीत माणसं निष्ठेने वागली. "नाकाला बाक हुता," आत्या म्हणाली. "लई वरडती," कल्याणराव म्हणाले. हे त्यांनी म्हणावं. अण्णांची अडचण झाली. ते शेवटी म्हणाले, "अक्षर मातर चांगलं हाय."

घोडेगावात आत्याला सोडायचं होतं. फाट्यावर चहाला थांबले. अण्णा आणि कल्याणराव टाकीतल्या दुधाचं काय करायचं त्यावर फोनवर भांडायला बाजूला गेले. बाकड्यावर आत्या आणि बिभीषण राहिले.

"जाऊ दे, बिभीषणा. दुसरी बघू."

"नको, आत्या."

"का रं?"

"ही चांगली होती."

आत्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच दिला. नकार बनावट आहे हे बिभीषणाला पक्कं ठाऊक होतं. तो त्याच्यासमोरच तयार झाला होता. पण दिला होता एका खऱ्या बाईने, त्याच्याकडे नीट बघून. आणि तो जिथे लागायचा तिथे लागत होता.

"ती गानारी," आत्या जरा वेळाने म्हणाली. "तिचा त्यो आला का शेवटी? माजा डोळा लागला हुता."

"आला."

"मग एवढा येळ रडायचं काय कारन हुतं तिला?"

बिभीषणाने कप खाली ठेवला.

"तेव्हा तिला माहीत नव्हतं ना, आत्या."